पोट भरले, हे कोण सांगते?

थंडीच्या दिवसांत अलिबाग, पेण या भागांतल्या शेतांवर पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ आणि ओवा घालून तोंड पाल्याने गच्च बंद करतात. मग मडके उपडे ठेवून भोवती जाळ करतात. भाजलेल्या शेंगा सोलून खाता खाता पोट असे भरते की रात्री पानावर बसावेसे वाटत नाही. उलट, बशीभर वेफर खाल्ले तर थोड्याच वेळात पुन्हा भूक लागते. असे का होते?

जठर ही स्नायूंची पिशवी आहे. अन्न आत आले की ती ताणली जाते आणि हा ताण मज्जातंतूंमार्फत मेंदूला कळतो. पण एवढेच कारण असते, तर तांब्याभर पाणी पिऊनही भूक शमली असती. पाणी जठरातून चटकन पुढे सरकते, म्हणून तसे होत नाही. मेंदूला दुसराही निरोप जातो आणि तो रासायनिक असतो.

अन्नातील प्रथिने व स्निग्ध पदार्थ लहान आतड्यात पोहोचले की तेथील पेशी कोलेसिस्टोकायनिन नावाचे संप्रेरक सोडतात. आयव्ही व ओल्डबर्ग यांनी १९२८ साली ते शोधले, ते पित्ताशय आकुंचित करणारे द्रव्य म्हणून. पुढे १९७३ साली गिब्ज, यंग व स्मिथ यांनी ते उंदरांना टोचले, तेव्हा उंदरांचे खाणे कमी झाले. याच्या उलट काम करणारे, भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक १९९९ साली जपानमध्ये कोजिमा व कांगावा यांना सापडले. ते मुख्यतः जठरात तयार होते. प्रथिनयुक्त जेवणानंतर भूक शमवणारी संप्रेरके वाढतात आणि घ्रेलिन उतरते. शिवाय प्रथिने पचवून वापरण्यातच त्यांच्या १०० उष्मांकांपैकी २० ते ३० खर्च होतात. कर्बोदकांच्या बाबतीत हा खर्च ५ ते १० असतो.

मग सगळे श्रेय प्रथिनांनाच द्यायचे का? १९९५ साली सिडनी विद्यापीठात सुझॅना होल्ट व सहकाऱ्यांनी ३८ खाद्यपदार्थांची तुलना केली. प्रत्येक पदार्थ २४० उष्मांकांइतकाच दिला आणि पोट भरल्याची भावना दोन तास नोंदवली. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले, तेव्हा माशाला २२५ गुण मिळाले. पण पहिला आला उकडलेला बटाटा, ३२३ गुणांनी! बटाट्यात प्रथिने थोडीच असतात. पण तो पाणीदार असल्याने तेवढ्याच उष्मांकांसाठी पुष्कळ खावा लागतो. म्हणजे प्रथिने, आकारमान, पाणी आणि तंतू यांची ही भागीदारी आहे. पोपटीच्या वालात प्रथिने, तंतू आणि पाणी तिन्ही असतात, आणि शेंगा सोलण्याच्या कामामुळे खाणेही सावकाश होते.

आता हल्ली डब्यात मिळणाऱ्या ‘प्रोटीन शेक’च्या भुकटीकडे पाहू. ती बहुधा चीज करताना दुधातून निघणाऱ्या पाण्यापासून करतात. चक्का बांधल्यावर फडक्यातून गळते, तसेच हे पाणी. ३० ग्रॅम भुकटीत सुमारे २० ते २५ ग्रॅम प्रथिने असतात आणि त्यांनी भूक शमते, हे खरे. पण शेक चावावा लागत नाही, त्यात तंतू जवळजवळ नसतात आणि पातळ अन्न जठरातून लवकर पुढे जाते. वजन आटोक्यात ठेवू पाहणाऱ्या प्रौढाने तळलेल्या खाण्याऐवजी तो घेतला, तर उपयोग होईल. जेवून वर घेतला, तर उष्मांकांत भरच पडेल.

तुमच्या वयात मात्र गणित वेगळे आहे. हाडे आणि स्नायू वाढत असताना जेवण टाळून पेल्यावर भागवले, तर लोह, जीवनसत्त्वे आणि ऊर्जा कमी पडतात. वजनाची काळजी वाटत असेल, तर डॉक्टरांना विचारावे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ सालच्या आहारविषयक मार्गदर्शनात शरीर कमावण्यासाठी अशा भुकट्या टाळण्याचाच सल्ला दिला आहे.

१३ ते १५ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ४५ ग्रॅम आणि मुलीला ४३ ग्रॅम प्रथिने लागतात. आपल्या किनाऱ्यावरच्या घरात ती कशी मिळतात, पाहा. दिवसभरात २०० ग्रॅम तांदळाचा भात व भाकरी: १४ ग्रॅम. ३० ग्रॅम कोरड्या वालाचे बिरडे: ७. २० ग्रॅम सुका जवळा: १२. पेलाभर दूध: ६. एक अंडे: ६. बेरीज झाली ४५. मासे न खाणाऱ्यांनी वाल, कुळीथ, ताक वाढवावे. भात आणि कडधान्य एकत्र खाण्याचा आणखी एक फायदा आहे: तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, कडधान्यात ते भरपूर असते.

वर्गात हा प्रयोग करून पाहा. मधल्या सुट्टीत एके दिवशी ३० ग्रॅम चुरमुरे खा, दुसऱ्या दिवशी ३० ग्रॅम फुटाणे. उष्मांक दोन्हींत साधारण सारखेच, सुमारे १०० ते ११०. चुरमुऱ्यांचा ढीग मोठा, पण फुटाण्यांत प्रथिने जवळजवळ तिप्पट. दोन्ही दिवशी सकाळचे जेवण आणि पाणी सारखेच ठेवा. पुन्हा भूक कधी लागली, ती वेळ प्रत्येकाने लिहावी. अर्ध्या वर्गाने क्रम उलटा करावा. तसे का, हे शिक्षकांनी मुलांनाच विचारावे. मग सगळ्यांच्या नोंदींची सरासरी फळ्यावर मांडा आणि ढीग जिंकला की प्रथिने, ते ठरवा.