घरास पत्ते किती द्यावे?

नव्या पेठेची आंखणी करणाऱ्यास घरांपेक्षां मधल्या बोळांची चिंता अधिक करावी लागते. घर पाडून पुनः बांधतां येतें. बोळ एकदां अरुंद ठेवला कीं तो पिढ्यान्‌पिढ्या अरुंदच राहतो. केबलनें घरोघर इंटरनेट पोंचविणाऱ्या कंपन्यांपुढें असाच एक आंखणीचा प्रश्न आहे. त्याचा निकाल कंपनीच्या कचेरींत लागतो, पण परिणाम आपल्या दिवाणखान्यांत दिसतात. म्हणून तो वाचकांपुढें मांडीत आहें.

इंटरनेटला जोडलेल्या यंत्रास आंकडी पत्ता लागतो. १९८१ सालीं ठरलेल्या चौथ्या आवृत्तींत हा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकंदर पत्ते सुमारें ४२९ कोटी. त्या काळीं ही द्रौपदीची थाळीच वाटली! परंतु ३ फेब्रुवारी २०११ रोजीं जागतिक कोठारांतील शेवटचे गट वांटून संपले.

अमेरिकेंतील कॉमकास्ट ह्या केबल कंपनीस टंचाईची झळ त्यापूर्वींच लागली. अंतर्गत व्यवस्थेसाठीं कोणासही वापरतां येणारा, दहा ह्या आंकड्यानें सुरू होणारा एक खासगी गट आहे. त्यांत १,६७,७७,२१६ पत्ते आहेत. कंपनीच्या तज्ज्ञांनीं २००६ सालीं मांडलेला हिशेब असा: दूरचित्रवाणीचीं गिऱ्हाइकें दोन कोटी, घरटी सरासरी अडीच पेट्या, दर पेटीस दोन पत्ते. गुणाकार दहा कोटी! १२८ बिटांच्या सहाव्या आवृत्तीवांचून गत्यंतर उरलें नाहीं.

तेथें प्रश्न उलटा झाला. आतां घरास एक पत्ता नव्हे, तर पत्त्यांचा गट द्यावयाचा, तो केवढा? पत्त्याच्या आरंभींचे जे बिट कंपनी ठरवून देते त्यांस प्रीफिक्स म्हणतात. प्रीफिक्स जितका लांब, तितका घराच्या वांट्याचा प्रदेश लहान. उत्तरार्धांतील ६४ बिट यंत्राची ओळख देण्यांत जातात. म्हणून ६४चा प्रीफिक्स मिळालेलें घर म्हणजे एका खोलीचें बिऱ्हाड. त्यांत यंत्रें कितीही मावतील, पण मध्यें भिंत घालतां येणार नाहीं. पाहुण्यांच्या फोनांसाठीं एक जाळें, कचेरीच्या कामास दुसरें, दारावरील कॅमेऱ्यास तिसरें, अशी सोय करूं म्हटलें तर जागाच नाहीं. ६० दिल्यास सोळा खोल्या होतात, ५६ दिल्यास २५६, आणि ४८ दिल्यास ६५,५३६. मधलें ५७ किंवा ६१ सहसा कोणी देत नाहीं; पत्ता लिहितांना एकेक अक्षर चार बिटांचें असतें, आणि अक्षराच्या पोटांत केलेला छेद दुरुस्तीवाल्यास फार छळतो.

२५६ खोल्या कोणास हव्यात, असें वाचक विचारतील. मलाही प्रथम ही उधळपट्टीच वाटली. पण जमाखर्च पाहावा. कंपनीस आरंभीं सामान्यतः कमींत कमी ३२चा गट मिळतो. त्यांत ५६चे गट १,६७,७७,२१६ निघतात. वर जो आंकडा पेट्यांच्या पत्त्यांस अपुरा पडला, तोच येथें घरांचा झाला! केबलचे विभाग वाढले कीं दुभागावे लागतात, त्यासाठीं प्रत्येक विभागांत मोकळी जागा राखावी लागते. ती वजा करूनही पुष्कळ उरतें. ४८ द्यावयाचें तर मात्र त्याच ३२मध्यें ६५,५३६ घरेंच बसतात, आणि मोठ्या कंपनीस अधिक जागा मागून घ्यावी लागते.

जाणत्यांचें मतही बदलत आलें. २००१ सालीं सरसकट ४८ द्यावें अशी शिफारस झाली. २०११ सालीं ती सैल केली, तरी घरास एकच ६४ देणें अपुरें हें स्पष्ट राहिलें. २०१७ सालीं युरोपांतील तज्ज्ञांनीं ५६ किंवा ४८ द्यावें आणि तें वरचेवर बदलूं नये असें सुचविलें. कॉमकास्टनें घरगुती गिऱ्हाइकांस प्रथम ६४ दिलें. पुढें राउटरनें मागितल्यास ६० देऊं लागली. माझ्या मतें हा जुन्या दुष्काळांतला हात आहे. सुकाळ आला तरी तो आंखडलेलाच राहिला.

बदलाचा जाच तर वेगळाच. प्रीफिक्स पालटला कीं घरांतील यंत्रें कांहीं काळ जुनाच पत्ता धरून बसतात, आणि दोष मात्र राउटरच्या माथीं येतो. ज्यांच्या घरीं नवी केबल यावयाची आहे त्यांनीं वेगाच्या आंकड्याबरोबर हेंही विचारून घ्यावें: प्रीफिक्स किती बिटांचा, आणि तो कायम राहणार काय?