कात्रीच्या आधी कंगवा

एकेकाळी मराठी घरातला कुत्रा अंगणात असायचा. त्याची अंघोळ म्हणजे रविवारी नळाशी बांधायचं, कपड्याच्या साबणाची उरलेली वडी अंगावर फिरवायची आणि दोन बादल्या ओतायच्या. अंग झटकून तो पुन्हा मातीत लोळायला मोकळा. गावठी कुत्र्याचं या कारभारात फारसं बिघडत नसे, कारण त्याचे आखूड, अंगासरशी केस आपली काळजी आपणच घेतात. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ आला आणि त्यातल्या टफीने पांढऱ्याशुभ्र स्पिट्झचं वेड वाढवलं. आपण त्याला ‘पॉमेरियन’ म्हणत राहिलो. २००३ साली हचच्या जाहिरातीतला पग आला. आता सोसायटीच्या लिफ्टमध्ये शिह त्झू भेटतो, डोक्यावर रबरबँडने बांधलेली शेंडी घेऊन.

शिह त्झूचे केस आपल्या डोक्यावरच्या केसांप्रमाणे वाढतच राहतात. ल्हासा अप्सो, माल्टीज, पूडल हेही त्याच गोत्रातले. हा कुत्रा घरी आला की केस कापणारा माणूस आयुष्यभरासाठी शोधावा लागतो, हे पिल्लू विकणारा सहसा सांगत नाही. मग कोथरूड-बाणेरपासून ठाणे-डोंबिवलीपर्यंत दर दोन गल्ल्यांआड ‘पेट स्पा’च्या पाट्या दिसू लागतात आणि आपण फोनवर पहिला प्रश्न विचारतो, ‘किती घेता?’ तो प्रश्नही विचारावाच, पण त्याआधीचे बरेच प्रश्न राहून जातात.

या धंद्यातली एक गोष्ट बहुतेक मालकांना कळते ती भांडण झाल्यावर. कुत्र्याला कुठला कट मिळणार हे दुकानात ठरत नाही. ते आदल्या महिनाभरात आपल्या घरी ठरलेलं असतं.

कुत्रा टेबलावर उभा असतो. मालकीणबाई सांगत असतात, ‘रोज ब्रश करते हो मी.’ ते खोटंही नसतं, पाठीवरचे केस अगदी मोकळे असतात. पण ग्रूमर पाठीकडे बघतच नाही. त्याची बोटं थेट कानामागे जातात. मग पुढच्या पायाच्या काखेत, पट्ट्याखाली, जांघेत, शेपटीच्या बुडाशी. जिथे जिथे अंगाला अंग घासतं तिथे. मग तो स्टीलचा कंगवा कातडीपर्यंत टेकवतो आणि बाहेर ओढतो. कंगवा अर्ध्यात अडतो. वरचे केस बाजूला केले की खाली घोंगडीसारखा दाट थर लागतो. यालाच जटा म्हणतात. रोजचा ब्रश या थरावरून नुसता फिरत असतो, आत शिरतच नाही.

गळलेले केस मुळाशी अडकून राहिले की जटा बनायला सुरुवात होते. घर्षणाने ती वाढते आणि पाण्याने आवळते. म्हणूनच ग्रूमरकडे न्यायच्या आदल्या दिवशी ‘जरा स्वच्छ दिसावा’ म्हणून घरी अंघोळ घालणं हा सगळ्यात उलटा उपाय. गुंता सोडवायचा आधी, पाणी नंतर. जटा दिसायला वाईट म्हणून त्रासदायक नसते. ती कातडी ओढून धरते, त्यामुळे प्रत्येक पावलाला कुत्र्याला ताण बसतो. खाली हवा जात नाही, ओल राहते, बुरशी धरते, गोचिडांना लपायला जागा मिळते. पावसाळ्यात तिथे बारीकशी जखम झाली, त्यावर माशी बसली, की काही दिवसांत अळ्या पडतात आणि वरून काही दिसतसुद्धा नाही.

अशा वेळी ग्रूमर म्हणतो, ‘ताई, मशीनच मारावं लागेल.’ ताईंना वाटतं, याला कष्ट नकोत. खरं तर दोन-तीन तास ओढून ओढून जटा सोडवणं हा जिवंत प्राण्याचा छळ आहे, आणि तो नको म्हणणारा माणूस चांगला. ‘थोडेच कापा’ हेही इथे चालत नाही. ब्लेड जटेच्या खालून घालावं लागतं आणि तिथे मोकळी जागा असते ती कातडीलगतच. मशीनच्या ब्लेडचा हिशोब उलटा चालतो, आकडा मोठा तितके केस आखूड. १० नंबरचं ब्लेड साधारण दीड मिलिमीटर केस ठेवतं. ४० नंबरचं शस्त्रक्रियेआधी डॉक्टर वापरतात. कट ठरवताना ‘मध्यम’ असं मोघम सांगू नका. बोटाच्या पेरावर लांबी दाखवा किंवा ब्लेडचा नंबर विचारून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी तोच सांगता येतो.

घरी कात्रीने जटा कापायचा मोह मात्र आवरा. जटेबरोबर कातडीही वर ओढलेली असते आणि कात्री नेमकी तीच कापते. टाके घालायला आलेली अशी कुत्री कुठल्याही पशुवैद्याने पाहिलेली असतात.

यावरचा उपाय कंटाळवाणा आहे. एका हाताने केस वर धरायचे, खालून एकेक ओळ सोडत कातडी दिसेपर्यंत बारीक तारांचा स्लिकर ब्रश फिरवायचा, मग तीच ओळ कंगव्याने तपासायची. कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडता गेला तरच ओळ पूर्ण. टीव्हीवर मालिका चालू असताना एक पाय, दुसऱ्या दिवशी दुसरा पाय, असं केलं तरी पुरे. एवढं घडत असेल तर लांब केस ठेवा. नसेल तर दर चार ते सहा आठवड्यांनी सरळ आखूड कट घ्या. त्यात कमीपणा काही नाही. उलट कुत्रा सुखात असतो. शेंडीची हौस मालकाची असते.

आता नेमकी उलटी चूक. एप्रिल उजाडला, नागपूर-चंद्रपूरचा पारा चढला, की हस्की, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर आणि आपले स्पिट्झ घेऊन मंडळी येतात, ‘झिरो मारून टाका, बिचाऱ्याला गरम होतं.’ माया खरी, पण शास्त्र चुकीचं. या कुत्र्यांचे केस दुपदरी असतात. आत मऊ दाट लव, बाहेर लांब राठ केस. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या कामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गाद्यांत असतात आणि उष्णता बाहेर टाकली जाते ती धापा टाकून. वरचे राठ केस ऊन थेट कातडीवर येऊ देत नाहीत. ते काढले की कातडी भाजते. शिवाय दोन्ही पदर सारख्या वेगाने परत येत नाहीत. आतली लव आधी भरते, वरचे केस मागे राहतात. काही कुत्र्यांत, स्पिट्झच्या घराण्यात विशेष, भादरलेल्या जागी महिनोन् महिने केस येतच नाहीत आणि अंगावर ठिगळं दिसतात. अशा कुत्र्याला हवी असते ती गळलेली लव काढण्याची सफाई. जोराच्या हवेचा ब्लोअर आणि लांब दातांचा कंगवा ते काम करतात. शस्त्रक्रिया किंवा त्वचारोगासाठी डॉक्टरांनी सांगितलं तर गोष्ट वेगळी. पण तुम्ही मागितलं म्हणून काही न बोलता हस्की भादरून देणारा ग्रूमर असेल, तर दुकान बदला.

लॅब्राडोर, बीगल, आपला गावठी, मुधोळ आणि कारवान यांना तर पॅकेजची गरजच नसते. रबरी हातमोज्याने खरारा, गरजेपुरती अंघोळ, वेळेवर नखं, बस्स. यांना ‘प्रीमियम स्पा’ विकणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं, ते फक्त विक्रीकलेचं.

ग्रूमर होण्यासाठी आपल्याकडे सक्तीची सरकारी परीक्षा किंवा खास परवाना नाही. भिंतीवरच्या प्रमाणपत्रापेक्षा म्हणून दुकान बघणं महत्त्वाचं. पहिल्यांदा कुत्र्याशिवाय जा. केस कुठे वाळवतात ते पाहा. बंद पेटीत गरम हवा सोडून कुत्रा ठेवत असतील आणि तुमचा पग, शिह त्झू किंवा बॉक्सर असेल, तर तिथूनच परत फिरा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. ते १०५ च्या वर गेलं की उष्माघाताचा धोका, आणि चपट्या नाकाच्या कुत्र्याला धापा टाकूनही अंग लवकर थंड करता येत नाही. टेबलावर गळ्यात फास अडकवून उभं करतात ते चालतं, पण त्या वेळी माणूस जागेवरून हलता कामा नये. कुत्र्याने उडी मारली की तो फास गळफास होतो.

‘फारच दंगा करतो, गोळी देऊ का?’ असं कुणी विचारलं तर ठाम नाही म्हणा. गुंगीचं औषध देणं हे पशुवैद्याचं काम आहे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार जनावरांवर औषधोपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यालाच आहे. हृदयविकार असलेला किंवा म्हातारा कुत्रा त्या गोळीने दगावू शकतो.

शांपूबद्दलचा प्रश्न कुणीच विचारत नाही. तो जरूर विचारा. पाणी घालून पातळ केलेला शांपू बाटलीत दिवसेंदिवस ठेवतात का? अशा पाण्यात स्यूडोमोनास जातीचे जंतू वाढतात आणि अंघोळीत चोळताना केसांच्या मुळांतून आत शिरतात. एक-दोन दिवसांत कुत्र्याची पाठ दुखू लागते, हात लावू देत नाही, ताप येतो, पुळ्या उठतात. घरच्यांना वाटतं पाठीला मार लागला असेल. अंघोळीनंतर असं झालं तर डॉक्टरांना ग्रूमिंगची तारीख आवर्जून सांगा, निदान लवकर होतं. शांपू रोजच्या रोज ताजा कालवला पाहिजे, ब्लेड आणि कंगवे प्रत्येक कुत्र्यानंतर जंतुनाशकाने पुसले पाहिजेत. नायटा कुत्र्याकडून कुत्र्याला होतो आणि तुमच्या मुलांनाही होतो. आपला शांपू, जंतुनाशक द्रव, रॉकेल यांपैकी काहीच कुत्र्याच्या अंगाला लावायचं नाही. गोचिडांवर रॉकेल अजूनही लावतात म्हणून लिहिलं. गोचिडांतून एर्लिकिया आणि बबेसियाचा ताप येतो, त्यामुळे औषध डॉक्टरांचंच हवं. मानेवर थेंब टाकायचं औषध असेल तर त्याआधी-नंतर दोन दिवस अंघोळ नको.

नखांचं एक ध्यानात ठेवा. फरशीवर टकटक ऐकू आली की नखं वाढली. फ्लॅटमधल्या कुत्र्याची ती झिजत नाहीत. अंगठ्याचं नख तर जमिनीला टेकतच नाही आणि गोल वळून मांसात शिरतं. काळ्या नखात नस दिसत नाही, तेव्हा एखादा थेंब रक्त कसबी माणसाकडूनही येऊ शकतं. चिमूटभर कॉर्नफ्लोअर दाबून धरलं तर थांबतं. त्यावरून आकांडतांडव नको. कानात खोलवर कापसाची काडी नको. वास किंवा स्राव असेल तर ते काम डॉक्टरांचं. आणि पॅकेजात लिहिलेलं शेपटीखालच्या ग्रंथी पिळणं निरोगी कुत्र्याला लागत नाही, यादीतून खोडायला सांगा.

आपल्याकडूनही काही देणं लागतं. लसीकरणाचं कार्ड बरोबर न्या. रेबीजची आणि इतर रोगांची लस झालेली नसेल तर चांगलं दुकान कुत्रा घेणारच नाही, आणि न घेणं हेच योग्य. पिल्लाचा लसींचा क्रम साधारण चार महिन्यांचा होईपर्यंत चालतो. तोवर घरीच रोज पंजे हातात धरा, कान उघडून पाहा, ड्रायरचा आवाज दुरून ऐकवा. चावण्याची खोड, फिट्स, हृदयाचं औषध, अंगावरची गाठ, यातलं काही लपवू नका. मशीनखाली गाठ न सांगता आली तर ती कापली जाते. खाणं दोन-तीन तास आधी, आणि निघण्यापूर्वी एक फेरी. सोडताना दारात उभं राहून ‘माझं बाळ गं’ करत रडू नका. त्याचा अर्थ कुत्रा एवढाच घेतो की काहीतरी भयंकर होणार आहे.

घरी आणल्यावर अंगावरून हात फिरवून पाहा. लाल चट्टा, सतत चाटणं, कापल्याची खूण दिसली तर त्याच दिवशी फोटो काढून कळवा. कानावरची मोठी जटा काढली असेल तर कुत्रा डोकं झटकत राहतो आणि कधीकधी कानाच्या पाळीत रक्त साचून ती फुगते. तसं झालं तर डॉक्टरांकडे न्या. गंभीर इजा झाली तर पावती जपून ठेवा, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ही सेवासुद्धा धरतो. पण बहुतेक वेळा ग्रूमर हा तुमच्या कुत्र्याच्या अंगावर इंच न् इंच हात फिरवणारा एकमेव माणूस असतो. बोटांमधला गोचीड, मांडीतली नवी गाठ, हिरड्यांची सूज त्याला आधी सापडते. घाईने पैसे देऊन निघू नका. ‘काही दिसलं का?’ एवढं विचारा.

दिवाळीच्या आठवड्यात मात्र कुत्र्याला ग्रूमरकडे नेऊच नका. दुकानात गर्दी, ग्रूमरचा हात घाईत, बाहेर फटाके. आवाजाने बिथरलेला कुत्रा कात्रीखाली एकदम झटका देतो आणि इजा होते ती अशीच. वेळ वसुबारसेच्या चार दिवस आधीची घ्या. चुकली असेल तर सण उरकल्यावरची घ्या, आणि तोवर घरातला कंगवा कानामागून फिरवत राहा.