जुनं काडतूस, आखूड नळी

कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सोनं जिंकलं. पण गोळीला वेग येतो कुठून? काडतुसातली दारू पेटून वायू होतो, तो गोळी ढकलतो. पिस्तुलाची नळी लांब, तर ढकलायला वाव जास्त. आखूड नळीतून तीच गोळी जरा सावकाश सुटते.

कोरड्या, थंड जागेतलं काडतूस कित्येक वर्षं टिकतं. तापलेल्या पत्र्याखालचं, ओल लागलेलं मात्र बेभरवशाचं. एक गोळी जोरात, दुसरी मंद, एखादी नळीतच अडकते. त्यावर पुढचा बार काढला तर नळी फुटू शकते.

आजोबांच्या ट्रंकेत काडतुसं सापडली तर उन्हात वाळवू नका (आपली सवयच ती!), पोलीस ठाण्यात कळवा.