कोगनोळी नाक्याच्या अलीकडे-पलीकडे

शेजारी देशांचे नैसर्गिक वायूचे बाजार जोडायचे, ही कल्पना युरोपात रुजली. आपल्याकडे मात्र तुर्कमेनिस्तानातून निघणारी ‘तापी’ वाहिनी २०१० च्या करारानंतरही भारताच्या हद्दीला लागलेली नाही. पण दोन राज्यांच्या कारभारांतून एकच वायू कसा वाहतो, हे पाहायला निपाणीकरांना फार लांब जायला नको; महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा कोगनोळी नाका जवळच आहे.

‘गेल’ची दाभोळ-बंगळूरु वाहिनी २०१३ मध्ये सुरू झाली. ती रत्नागिरी, कोल्हापूर ओलांडून बेळगाव जिल्ह्यात उतरते. गोकाकहून एक फाटा गोव्याला जातो. दाभोळला जहाजातून येणारा वायू उणे १६२ अंश सेल्सिअसला द्रवरूप असतो, त्यामुळे सुमारे सहाशेपट कमी जागेत मावतो. त्याला ऊब देऊन पुन्हा वायू करायचा आणि दाबाखाली पुढे ढकलायचा. तिथली लाटा अडवणारी भिंत अर्धवट राहिल्यानं कित्येक पावसाळे जहाजं लागतच नव्हती. मात्र दाभोळ पनवेलमार्गे गुजरातच्या दहेजशीही जोडलेलं आहे. जोडणीचा खरा फायदा हाच.

खरी गंमत व्यापारात आहे. दहेजला विकत घेतलेला वायू बेळगावात उचलता येतो, पण त्यातले रेणू तेच असतील असं नाही. निपाणीच्या पोस्टात भरलेली मनीऑर्डर मुंबईला मिळते, नोटा मात्र तिथल्याच. मीथेनचा एक रेणू दुसऱ्यासारखाच. फक्त इथेनसारख्या वायूंचं प्रमाण कमी-जास्त असल्यानं उष्णता बदलते. म्हणून सौदा घनमीटरऐवजी उष्णतेच्या मापानं, एमएमबीटीयूत होतो. जून २०२० पासून भारतीय गॅस एक्स्चेंजवर असे सौदे चालतात. दहेज, हजिरा ही तिथली सुरुवातीची केंद्रं. १ एप्रिल २०२३ पासून बहुतेक वाहिन्यांचं भाडंही अंतराच्या टप्प्यांनुसार एकाच तक्त्यात बसवलं.

उरला कर. माझ्या मते खरी सीमा तीच. महाराष्ट्रानं २०२२ मध्ये नैसर्गिक वायूवरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला. कर्नाटकाचा दर कर्नाटक ठरवतं. म्हणजे महाराष्ट्रातल्या कागलच्या भट्टीतली आणि कर्नाटकातल्या निपाणीच्या भट्टीतली ज्योत सारखीच, बिलं वेगळी. शिवाय वायूवर भरलेला व्हॅट कारखानदाराला जीएसटीतून वळता करून घेता येत नाही. २०१७ च्या जीएसटी कायद्यात नैसर्गिक वायूला जागा ठेवली आहे. जीएसटी परिषद शिफारस करील त्या तारखेपासून त्यावर जीएसटी लागू होईल. ती तारीख अजून ठरायची आहे.