टीआरपीच्या मोजणीत आपली गणती कुठे?

दर गुरुवारी टीआरपीचे आकडे बाहेर पडतात आणि वाहिन्यांच्या कचेऱ्यांत त्या दिवशी दुसऱ्या कशाची चर्चा होत नाही. कोणती मालिका चालू ठेवायची, कोणती गुंडाळायची, बातम्यांत काय दाखवायचे आणि काय गाळायचे, याचा निकाल या आकड्यांवर लागतो. खेड्यातल्या बौद्ध वस्तीवर बहिष्कार पडला तर त्याला दोन मिनिटे मिळत नाहीत आणि नटनटीच्या लग्नाला दोन दिवस मिळतात. असे का, म्हणून विचारले की उत्तर ठरलेले असते : "लोकांना हेच हवे आहे." हे 'लोक' कोण, एवढाच आमचा आजचा प्रश्न आहे. लोकांना काय हवे ते ठरवणारी एक यंत्रणा आहे, तिची एक पद्धत आहे. तिच्यात आपली जागा कोठे, हे चळवळीने फारसे तपासलेले नाही.

पद्धत आधी समजून घेऊ. पूर्वी निवडक घरांत डायरी देत आणि काय पाहिले ते लिहून घेत. दूरदर्शनची 'डार्ट' ही मोजणी अशीच होती. नव्वदीच्या अखेरीस मीटर आले. आज हे काम 'ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल' म्हणजे 'बार्क' ही संस्था करते. तिच्यात वाहिन्यांच्या संघटनेचा वाटा ६० टक्के, जाहिरातदारांचा २० टक्के आणि जाहिरात संस्थांचा २० टक्के. प्रेक्षकांचा वाटा शून्य! वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते. निवडलेल्या घरातले यंत्र ती ओळखते आणि टीव्हीसमोर कोण बसले आहे ते घरातल्या माणसाने आपापले बटण दाबून सांगायचे असते. ज्या वाहिनीने ही खूण बसवून घेतलेली नाही, ती कितीही लोकांनी पाहिली तरी यंत्राच्या लेखी नाहीच.

२०२० साली देशात टीव्ही असलेली घरे सुमारे २१ कोटी आणि मीटरची घरे सुमारे ४४ हजार होती. म्हणजे एका घराने जवळपास पावणेपाच हजार घरांच्या वतीने बोलायचे. एवढ्यावरून ही मोजणी खोटी, असे आम्ही म्हणणार नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, हे आपल्या घरातल्या बाईलाही ठाऊक आहे. पण तीच बाई हेही जाणते की शीत वरवरचे घेतले तर बुडाशी काय करपले ते कळत नाही. शीत किती घेतले यापेक्षा कोठून घेतले, हा खरा प्रश्न आहे.

अनेक वर्षे ते शहरातूनच घेतले जात होते. 'टॅम' या कंपनीच्या काळात खेड्यापाड्यांतला प्रेक्षक या मोजणीच्या जवळपास बाहेर होता. २०१० मध्ये नेमलेल्या अमित मित्रा समितीने मीटर ८ हजारांवरून ३० हजारांपर्यंत न्यावेत आणि त्यांतले १५ हजार ग्रामीण भागात असावेत, अशी शिफारस केली. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने नियम केले : किमान २० हजार घरे, दरवर्षी १० हजारांची भर घालून ५० हजारांपर्यंत, आणि दरवर्षी पाव हिस्सा घरे बदलायची. ऑक्टोबर २०१५ पासून बार्कने ग्रामीण आकडे दिले. तेव्हा काय झाले? दूरदर्शनच्या फुकट डिशवर दिसणाऱ्या वाहिन्या यादीत वर आल्या, आणि ज्यांना कोणी विचारत नव्हते त्यांच्याकडे जाहिरातदार वळले. खेड्यातला माणूस एका रात्रीत टीव्ही पाहू लागला नव्हता. तो आधीपासून पाहतच होता, फक्त त्याला कोणी मोजले नव्हते. मोजले की किंमत येते, हा यातला धडा आहे.

आता दुसरी चाळणी पाहा. जाहिरातदाराला नुसते डोके नको असते, खिसा हवा असतो. त्यासाठी घरांची वर्गवारी करतात. २०११ पासून चालू झालेल्या वर्गवारीत दोनच निकष आहेत : घरातल्या मुख्य कमावत्याचे शिक्षण आणि ठरलेल्या ११ गोष्टींपैकी घरात किती आहेत. वीज, पंखा, गॅस, रंगीत टीव्ही, फ्रिज, धुलाई यंत्र, दुचाकी, मोटार, संगणक, एसी आणि शेतजमीन. या दोहोंवरून घराला 'ए१' ते 'ई३' अशा १२ पायऱ्यांपैकी एक मिळते. वरच्या पायऱ्यांच्या प्रेक्षकांसाठी दर जास्त, म्हणून कार्यक्रमही त्यांच्या नजरेने बेतायचे.

या वर्गवारीत जात कोठेच नाही, असे कोणी म्हणेल. कागदावर नाही, हे खरे. पण या देशात शिक्षण आणि जमीन यांची वाटणी शेकडो वर्षे कशाने झाली? ज्यांना जमीन धरू दिली नाही, त्यांना आज जमीन नाही म्हणून खालच्या पायरीवर बसवायचे आणि वर म्हणायचे की आमचा तराजू निःपक्षपाती आहे! बारा पायऱ्यांची ही उतरंड पाहून आंबेडकरी वाचकाला वेगळे काही सांगावे लागू नये.

तराजूला हात लावणारेही असतातच. २००१ मध्ये मुंबईतल्या मीटर-घरांची गुप्त यादी फुटली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी आरोप केला की मीटर असलेल्या घरांना महिना चार-पाचशे रुपये देऊन ठरावीक वाहिनी लावून ठेवायला सांगितले जात होते. पुढे राज्य सरकारने तो खटला मागे घेतला आणि आरोप न्यायालयात सिद्ध झाले नाहीत, हे वकील म्हणून आम्ही नमूद केले पाहिजे. पण त्यातून कायद्यातली पोकळी दिसली. मीटर-घर फोडणे हा स्वतंत्र गुन्हा सांगणारा कायदाच नव्हता. पोलिसांना दंडविधानातली फसवणुकीची आणि विश्वासघाताची जुनी कलमे लावावी लागली. त्याच ऑक्टोबरात बार्कने बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे थांबवले, ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. सुमारे दीड वर्ष आकडे नव्हते, तरी बातम्या चालूच होत्या आणि त्यांचा तोंडवळाही तोच होता. मग त्या दीड वर्षात "लोकांना हेच हवे आहे" हे संपादकांना कोणी कळवले? म्हणजे आकडा हे अनेकदा कारण नसते, निमित्त असते.

वृत्तपत्रांचीही हीच गत. तिथे 'एबीसी' ही संस्था विकलेल्या प्रती मोजते आणि वाचक सर्वेक्षण वाचणारी माणसे मोजते. २०१३ च्या सर्वेक्षणाचे आकडे जानेवारी २०१४ मध्ये आले, तेव्हा १८ मोठे वृत्तपत्र समूह एकत्र येऊन त्याविरुद्ध उभे राहिले. नागपूरचे 'हितवाद' हे इंग्रजी दैनिक ६० हजारांहून अधिक प्रती खपवत असताना सर्वेक्षणात त्याला एकही वाचक नव्हता, हा त्यांच्या निवेदनातला दाखला गाजला. त्यांची तक्रार रास्त होती. पण मोठ्यांच्या वाट्याला एकदा शून्य आले तर देशभर गदारोळ होतो. आपल्या पत्रांच्या वाट्याला वर्षानुवर्षे शून्य येते, त्याची ओळभर बातमी होत नाही. आपला अंक विहारात, वाचनालयात, चहाच्या टपरीवर, कारखान्याच्या गेटवर हातोहात फिरतो. पहिला वाचतो, चार जण ऐकतात. हा वाचक कोणत्या रकान्यात बसवणार?

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी घटना समितीत बजावले होते की राजकारणात आपण एक माणूस, एक मत, एक मूल्य हे तत्त्व स्वीकारतो आहोत, पण समाजात आणि अर्थकारणात ते नाकारत राहिलो तर लोकशाही धोक्यात येईल. माध्यमांचा बाजार हे त्या विसंगतीचे आजचे उदाहरण आहे. मतपेटीत आपले मत कोणाही धनवंताच्या मताइतकेच; मीटरच्या पेटीत मात्र आपली किंमत घरातल्या फ्रिज-मोटारीवरून ठरते.

मग करायचे काय? नुसती आदळआपट करून उपयोग नाही. पहिली मागणी : मीटर-घरांची नावे गुप्तच राहावीत, पण त्यांत अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक घरांचे प्रमाण किती, ते दरवर्षी जाहीर व्हावे. ते लोकसंख्येच्या प्रमाणात असेल तर आनंदच आहे. नसेल तर दुरुस्त करावे. दुसरी : मीटर-घर फोडण्याविरुद्ध स्पष्ट कायदा हवा. बार्क खासगी असली तरी तिची नोंदणी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे आहे, आणि मंत्रालयाला माहिती अधिकार लागू आहे. आपल्या तरुण वकिलांनी अर्ज टाकावेत. २०२५ मध्ये केंद्राने या नियमांत बदलाचा मसुदा काढून सूचना मागवल्या होत्या. अशा वेळी वाहिन्या आणि जाहिरातदार आपले म्हणणे लेखी मांडतात. आपल्या किती संघटना मांडतात? मोर्चा हवाच, पण मुदतीत दाखल केलेला दोन पानी अर्जही हवा.

आणि तिसरे काम आपले आपणच करण्याचे आहे. आपल्या पत्राचा वाचक आपण मोजू. प्रत्येक तालुक्यात दोन-तीन वस्त्या घ्या. फक्त कार्यकर्त्यांच्या दारी जाऊ नका, नाहीतर आपणही वरवरचेच शीत घेऊ. एका टोकापासून दर दहावे घर धरा, मग ते कोणाचेही असो. अंक विकत घेता का, दुसऱ्याचा वाचता का, एक अंक किती हातांतून जातो, घरातल्या बाया वाचतात का, काय आवडत नाही, हे विचारा आणि जसे उत्तर मिळेल तसे लिहा. आकडा लहान आला तरी लपवू नका. त्या कागदावर जाहिरातदाराशी बोलता येईल, सरकारशी भांडता येईल, आणि आपण काय छापतो तेही तपासता येईल. दुसऱ्याने आपल्याला मोजावे ही मागणी करणाऱ्या समाजाने आधी स्वतःची मोजणी चोख ठेवली पाहिजे.