परतीचे १०० किलोमीटर

सहलीला जाताना उत्साह गाडी हाकतो, परतताना घराची ओढ. ही ओढच धोक्याची.

हंपीहून सोलापूरला आम्ही दोघी मैत्रिणी कॅम्परने परतत होतो. इळकल गेले, कृष्णेचा पूल गेला. विजापूर येईतो रात्र झाली. घर अवघे १०० किलोमीटर; पण गाडी चालवणाऱ्या मैत्रिणीला जांभयांवर जांभया. चहाने झोप जात नाही, फक्त लांबते. मागे बिछाना घेऊन फिरायचे आणि झोपायला मात्र घरच गाठायचे, हे कसले शहाणपण! उजेडाच्या पेट्रोलपंपावर गाडी लावली, अम्मींना फोन केला (त्या रागावल्याच), इशाची कस्र नमाज पढून झोपलो.

सकाळी गोलघुमटाच्या सज्जात गर्दी नव्हती. १६५६ साली पूर्ण झालेल्या त्या घुमटाखाली मैत्रीण पलीकडून भिंतीशी कुजबुजली. मला स्पष्ट ऐकू आले: "आता तू चालव."