विमानातून अग्निबाण: हायपरसॉनिक संशोधनाचा दुसरा मार्ग

नवी दिल्ली – ध्वनीच्या पाचपट किंवा त्याहून अधिक वेगाने होणाऱ्या उड्डाणास हायपरसॉनिक उड्डाण म्हणतात. या क्षेत्रात भारताने दोन महत्त्वाच्या चाचण्या यशस्वी केल्या आहेत. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने म्हणजेच इस्रोने २८ ऑगस्ट २०१६ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडलेल्या अग्निबाणावरील स्क्रॅमजेट इंजिने ५ सेकंद चालली. त्यानंतर ७ सप्टेंबर २०२० रोजी संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेच्या म्हणजेच डीआरडीओच्या प्रायोगिक वाहनाने ओडिशाच्या किनाऱ्याजवळून उड्डाण केले. सुमारे ३० किलोमीटर उंचीवर पोहोचल्यावर त्याचे इंजिन २० सेकंदांहून अधिक काळ चालले.

स्क्रॅमजेट इंजिन ज्वलनासाठी लागणारा प्राणवायू वातावरणातूनच घेते. मात्र ते स्थिर अवस्थेतून सुरू होऊ शकत नाही. आधी अग्निबाणाने त्यास प्रचंड वेग द्यावा लागतो. त्यामुळे काही सेकंदांच्या नोंदींसाठी प्रत्येक वेळी एक संपूर्ण अग्निबाण खर्ची पडतो.

जमिनीवरील चाचण्यांची मर्यादा

डीआरडीओच्या हैदराबाद येथील प्रयोगशाळेने २५ एप्रिल २०२५ रोजी स्क्रॅमजेटच्या ज्वलनकक्षाची १,००० सेकंदांहून अधिक काळ जमिनीवर चाचणी घेतली. तथापि उड्डाणात वेग, उंची, हवेची घनता आणि पृष्ठभागाचे तापमान ही सर्व एकाच वेळी बदलत असतात. हा एकत्रित परिणाम जमिनीवर पूर्णपणे साधता येत नाही. म्हणूनच वारंवार आणि कमी खर्चात उड्डाण करता येईल, अशा साधनाचा शोध घेतला जातो.

विमानातून प्रक्षेपण कशासाठी?

वाहक विमानातून सोडला जाणारा उपकक्षीय अग्निबाण हा त्यावरील एक उपाय आहे. उपकक्षीय अग्निबाण पृथ्वीभोवती फिरत न राहता ठरावीक उंची गाठून परत खाली येतो. पृथ्वीनजीकच्या कक्षेसाठी सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर वेग आवश्यक असतो. हायपरसॉनिक संशोधनाचे पुष्कळसे काम त्याच्या पाव वेगातही होऊ शकते.

बारा किलोमीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे एक चतुर्थांश असते. तेथून सुटणाऱ्या अग्निबाणास दाट हवेचा थर भेदावा लागत नाही, त्यामुळे तो आकाराने लहान असला तरी चालतो. प्रक्षेपणाची जागा समुद्रावर सोयीनुसार निवडता येते आणि वाहक विमान पुन्हा वापरता येते.

अमेरिकेने हा मार्ग फार पूर्वी अनुसरला. बी-५२ विमानाच्या पंखाखालून सोडल्या जाणाऱ्या एक्स-१५ या अग्निबाण-विमानाने १९५९ ते १९६८ या काळात १९९ उड्डाणे केली. ऑक्टोबर १९६७ मध्ये त्याने ध्वनीच्या ६.७ पट वेग गाठला.

या मार्गात धोकेही आहेत. एक्स-४३ए या मानवरहित यानाच्या २ जून २००१ रोजीच्या पहिल्या उड्डाणात वाहक अग्निबाण अनियंत्रित झाल्याने तो नष्ट करावा लागला. नियंत्रण प्रणालीची रचना ज्या गणिती प्रारूपांवर आधारलेली होती, ती पुरेशी अचूक नसल्याचे चौकशीत आढळले. पुढील दोन उड्डाणांत अग्निबाण अधिक उंचीवरून सोडण्यात आला. त्यांपैकी १६ नोव्हेंबर २००४ च्या उड्डाणात यानाने ध्वनीच्या सुमारे ९.६ पट वेग नोंदविला.

भारताची तयारी

विमानातून जड अस्त्र सोडण्याचा अनुभव भारताकडे आहे. ब्राह्मोस क्षेपणास्त्रासाठी सुखोई-३० विमानात आवश्यक बदल हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या नाशिक येथील कारखान्यात करण्यात आले. २२ नोव्हेंबर २०१७ रोजी बंगालच्या उपसागरावर या विमानातून ब्राह्मोसची पहिली चाचणी झाली. २ एप्रिल २०२३ रोजी कर्नाटकातील चित्रदुर्ग येथे इस्रोने पंख असलेले प्रायोगिक यान चिनूक हेलिकॉप्टरमधून साडेचार किलोमीटर उंचीवर सोडले आणि ते धावपट्टीवर स्वयंचलितपणे उतरविले.

वजनाचा प्रश्न मात्र उरतो. सुखोईवरील ब्राह्मोसचे वजन सुमारे अडीच टन आहे, तर २०१६ च्या चाचणीतील इस्रोच्या अग्निबाणाचे उड्डाणावेळचे वजन ३,२७७ किलो होते. तो जसाच्या तसा विमानाखाली बसविता येणार नाही. विमानासाठी हलका अग्निबाण स्वतंत्रपणे घडवावा लागेल. तो विमानापासून सुरक्षितपणे विलग व्हावा, मगच पेटावा आणि वैमानिकास धोका होऊ नये, हेही सिद्ध करावे लागेल.

या खर्चाचे समर्थन एकाच उड्डाणाने होणार नाही. एक्स-१५ चे महत्त्व त्याच्या विक्रमी वेगाइतकेच त्याच्या १९९ उड्डाणांत होते. प्रत्येक उड्डाणातील नोंदी पुढील उड्डाणाच्या रचनेत वापरता आल्या, तरच विमानातून प्रक्षेपणाचा मार्ग किफायतशीर ठरतो.